तुमच्यानंतर आम्हीच: ब्रागांसा घराण्याच्या मागावर सहा दिवस

ब्रागांसा घराणं बघायचं म्हणून पोर्तुगालच्या नकाशावर ब्रागांसा गाव शोधलं, तर पहिल्याच दिवशी फसगत होते. हे गाव ईशान्येच्या कोपऱ्यात, स्पेनच्या हद्दीला चिकटून, पोर्तोहून दोनशेवर किलोमीटरवर आहे. किल्ला छान आहे, पण ड्यूक मंडळींनी तिथे बिऱ्हाड कधी फारसं थाटलंच नाही. पदवी तिथली, संसार दुसरीकडे. म्हणून ते गाव वगळलं आणि घराणं जिथे खरंच राहिलं, हरलं, जिंकलं आणि पुरलं गेलं तेवढीच ठिकाणं घेतली.

मुंबईच्या इतिहासात आपण 'कॅथरीन ऑफ ब्रागांझा' वाचतो, ते हेच घराणं. आपल्याकडे देवासला थोरली पाती, धाकटी पाती असायची. पोर्तुगालमध्ये आव्हिस राजघराणं थोरलं आणि ब्रागांसा त्याची धाकटी पाती, तीही अनौरस मुलापासून निघालेली. या पातीनं दोनशे वर्षं वाट पाहिली आणि १६४० मध्ये गादी मिळवली. शेवटचा राजा १९१० मध्ये कोळ्यांच्या होडीतून देश सोडून गेला.

वारांचं गणित आधी जमवा. बार्सेलुशचा बाजार गुरुवारी भरतो, व्हिला विसोझाचा राजवाडा सोमवारी बंद असतो, माफ्राचा मंगळवारी. बुधवारी सुरुवात केली की सगळं नीट बसतं. एप्रिलचा शेवट निवडला होता. आलेंतेजू प्रांतात जुलै-ऑगस्टला पारा चाळिशी गाठतो, आणि संगमरवरी चौकात तेव्हा उभं राहवत नाही.

पहिला दिवस, बुधवार: पोर्तो, गिमारैंश

पोर्तोच्या साँव बेंतू स्टेशनातून गिमारैंशला सव्वा तासात लोकल जाते. पण गाडी सुटायच्या अर्धा तास आधी या, कारण गोष्ट स्टेशनच्या भिंतीवरच सुरू होते. निळ्या-पांढऱ्या फरशांच्या एका चित्रात राजा पहिला जुआंव इंग्लंडच्या फिलिपाशी लग्न करायला पोर्तोत शिरतोय. साल १३८७. या लग्नातून थोरली पाती चालली. चित्रात नसलेला एक मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता: जुआंवला इनेश पिरेश नावाच्या बाईपासून १३७७ मध्ये झालेला आफोन्सो. गंमत म्हणजे जुआंव स्वतःही अनौरसच, त्यामुळे अशा मुलाला दूर लोटायचं कारण त्याच्याकडे नव्हतं.

आफोन्सोला १४०१ मध्ये औरस ठरवलं आणि त्याच वर्षी त्याचं लग्न बेआत्रिश परेराशी लावलं. बेआत्रिश ही सेनापती नूनो आल्वारेस परेराची एकुलती एक मुलगी. १३८५ मध्ये आल्जुबारोताला शेजारच्या कास्तिल राज्याच्या फौजेला धूळ चारणारा हा नूनो, आणि त्याबद्दल राजानं दिलेल्या जहागिऱ्या इतक्या की देशात राजाखालोखाल श्रीमंत तोच. त्यातला मोठा वाटा जावयाकडे गेला. म्हणजे घराण्याचं रक्त राजाचं, पण पैसा सासऱ्याचा. पुढे या घरात हुंडा हा शब्द पुन्हा येणार आहे.

गिमारैंशचा ड्यूकवाडा या आफोन्सोनंच १४२० च्या सुमारास बांधायला घेतला. युरोप फिरून आल्यावर उत्तरेकडचे वाडे त्याच्या डोक्यात होते. उतरती छपरं आणि त्यातून वर आलेली विटांची गोल धुराडी पोर्तुगालमध्ये दुसरीकडे अशी दिसत नाहीत. मात्र एक ध्यानात ठेवा: एकोणिसाव्या शतकात इथे लष्कराची बरॅक होती आणि १९३७ ते १९५९ मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीनं वाडा जवळपास नव्यानं उभा केला. उलट्या जहाजासारखं मेजवानी-दालनाचं लाकडी छत बघताना लोक 'पंधरावं शतक' म्हणून फोटो काढतात. ते विसाव्या शतकातलं काम आहे. मोरोक्कोतल्या आसिला आणि तांजीरच्या मोहिमांचे भिंतभर पडदेही नकला आहेत, मूळ स्पेनमधल्या पास्त्रानात. तरी बघाच, घराण्याला स्वतःची ऐट कशी दाखवायची होती ते कळतं.

स्टेशनापासून वाडा चालत वीस-पंचवीस मिनिटं, शेवटी चढ. जेवायला काल्दू व्हेर्द: बटाट्याच्या दाट रश्शात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं. त्या पानांना 'कोव्ह' म्हणतात. आपला कोबी याच शब्दातून आला. वर एक चकती सॉसेज टाकतात. नको असेल तर मागवतानाच 'सें शोरीसू' म्हणा, नंतर काढून टाकण्यात अर्थ नाही.

दुसरा दिवस, गुरुवार: बार्सेलुश, पोर्तो

बार्सेलुशला पोर्तोहून तासाभराची गाडी. बाजारात चिनीमातीच्या रंगीत कोंबड्यांचे ढीग, बाजूला जिवंत कोंबड्या, मधे कोबीची रोपं. खेळण्यांच्या दुकानातली एक आजी प्रत्येक कोंबडा विकण्याआधी नखानं टिचकी मारून कानाशी धरत होती. बद्द वाजला तर बाजूला. विकत घेताना तीच पद्धत वापरा, भाजताना पडलेली चीर रंगाखाली दिसत नाही.

आफोन्सो आधी बार्सेलुशचा काउंट होता. काव्हादू नदीच्या पुलाशेजारी त्याच्या वाड्याच्या भिंती आणि एकच उंच धुराडं उरलंय. आत उघड्यावर जुने दगड मांडलेत, त्यातच निरपराध माणसाला वाचवायला भाजलेला कोंबडा आरवला त्या दंतकथेचा क्रूस. अर्धा तास पुरतो.

ब्रागांसाचा ड्यूक ही पदवी आफोन्सोला १४४२ मध्ये मिळाली. देणारा त्याचा सावत्र भाऊ पेद्रू, जो लहानग्या राजाच्या नावानं कारभार पाहत होता. सात वर्षांनी, १४४९ मध्ये, आल्फारोबेराच्या लढाईत पेद्रू मारला गेला, तेव्हा नवे ड्यूकसाहेब विरुद्ध बाजूला होते.

दुपारी पोर्तोत लापाचं चर्च. इथे राजा चौथ्या पेद्रूचं हृदय आहे, अक्षरशः. ब्राझीलचा पहिला सम्राट तोच. भाऊ मिगेलशी झालेल्या युद्धात, १८३२-३३ च्या वेढ्यात पोर्तो त्याच्या बाजूनं टिकलं म्हणून त्यानं ते शहराला देऊन टाकलं. वेदीच्या बाजूला भिंतीत कुलूपबंद, पाच चाव्यांचं काम, त्यामुळे हृदय दिसत नाही, फक्त दगड दिसतो. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा ते विमानानं तिकडे जाऊन परत आलं.

तिसरा दिवस, शुक्रवार: एव्होरा

पोर्तोहून लिस्बनच्या ओरियेंत स्टेशनपर्यंत तीन तास, तिथून एव्होरा दीड तास. एव्होराच्या गाड्या दिवसाला मोजक्याच. दोन तिकिटांत किमान चाळीस मिनिटं ठेवा.

एव्होराच्या प्रासा दू जिराल्दूमध्ये संध्याकाळी लोक कारंज्याच्या कठड्यावर बसून आइस्क्रीम खातात. जून १४८३ मध्ये याच चौकात तिसरा ड्यूक, दुसरा फेर्नांदू, याचं मुंडकं उडवलं. आरोप कास्तिलशी संधान बांधल्याचा. हुकूम देणारा राजा दुसरा जुआंव त्याचा साडू: दोघांच्या बायका, लिओनोर आणि इझाबेल, सख्ख्या बहिणी. पुढच्या वर्षी राजानं या बहिणींच्या भावाला, म्हणजे स्वतःच्या मेहुण्यालाही, स्वहस्ते भोसकलं. ब्रागांसांची मालमत्ता जप्त, मुलं कास्तिलला पळाली.

सुटका नात्यानंच झाली. जुआंव औरस वारसाविना गेला आणि गादीवर आला मानुएल, लिओनोर-इझाबेलचा धाकटा भाऊ. फेर्नांदूच्या मुलांचा मामा! मामानं भाचा जायमेला परत बोलावलं, सगळं परत दिलं, आणि १४९८ मध्ये स्वतः कास्तिलला जाताना त्याला वारसही नेमलं. पंधरा वर्षांत वधस्तंभापासून गादीच्या पायरीपर्यंत.

चौकात पाटी वगैरे शोधू नका, कारंजंही नंतरचं, सोळाव्या शतकातलं. रात्री आसोर्दा मागवा: शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल, भरपूर वाटलेली कोथिंबीर, वर उकळतं पाणी आणि पाण्यात शिजवलेलं अंडं. कोथिंबीर अशी मनसोक्त वापरणारं युरोपात दुसरं स्वयंपाकघर सापडणं कठीण. बऱ्याचदा त्यात मासा असतो, आधी विचारा. आणि टेबलावर न मागता आलेले पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतात. हात लावला तर बिलात, नको असेल तर लगेच परत करा.

चौथा दिवस, शनिवार: एव्होरामोंत, व्हिला विसोझा

इथून गाडी भाड्यानं घ्यावी. बस आहे, पण शनिवार-रविवारी तिच्या भरवशावर राहिलात तर एक अख्खा दिवस गेला. एव्होराहून एश्त्रेमोशच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर एव्होरामोंतची टेकडी. गाडी तटाबाहेर लावा, आतल्या गल्लीत वळायला जागा नाही.

वरचा बुरुजवाडा पाहून पहिल्यांदा वाटतं की हे काँक्रीटचं पाण्याचं टाकं असावं. चार कोपऱ्यांना चार गोल बुरुज, त्यावर विसाव्या शतकातल्या दुरुस्तीचा करडा गिलावा. पण जवळ जा. प्रत्येक बाजूला भिंतीच्या मध्यावर दगडात कोरलेली जाड दोरी आडवी गेली आहे आणि मधोमध तिची गाठ मारली आहे, पार्सल बांधावं तशी. १५३१ च्या भूकंपात जुना किल्ला पडल्यावर ब्रागांसांनी हा बांधला, आणि ही गाठ त्यांची सही. पोर्तुगीजमध्ये 'नोश' म्हणजे गाठी, आणि 'नोश' म्हणजे आम्ही. घराण्याचं ब्रीद 'देपोइश द व्होश, नोश': तुमच्यानंतर आम्ही. 'तुम्ही' म्हणजे राजा. राजाच्या तोंडावर एवढं स्पष्ट लिहून ठेवायला छाती लागते, तेही ज्या घरातल्या ड्यूकचं मुंडकं पन्नास वर्षांपूर्वी उडालं त्या घरानं.

गल्लीतल्या एका साध्या पांढऱ्या घरावर दुसरी पाटी आहे. २६ मे १८३४ रोजी याच गावात भावाभावांचं युद्ध संपलं. चौथ्या पेद्रूचा भाऊ मिगेल हरला, देश सोडून गेला, आणि त्याच्या वंशजांना देशबंदी झाली. ती उठली १९५० मध्ये. तोवर पेद्रूच्या बाजूचा शेवटचा राजा निपुत्रिक वारला होता, म्हणून आज ब्रागांसाचे ड्यूक म्हणवणारे दुआर्त पियू हे हरलेल्या मिगेलच्या शाखेतले. धाकट्या पातीची पुन्हा धाकटी पाती.

पुढे एश्त्रेमोश, बोर्बा, व्हिला विसोझा: हा संगमरवराचा पट्टा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाणींचे चौकोनी खड्डे. गावात फुटपाथच्या कडा, घरांचे उंबरे, सगळं संगमरवरी. पाऊस पडून गेला असेल तर चपटे तळवे घसरतात, रबरी तळव्याचे बूट घाला.

व्हिला विसोझाच्या चौकात उभं राहिलं की गिमारैंशचा वाडा लहान वाटायला लागतो. ११० मीटर लांब, तीन मजली संगमरवरी दर्शनी बाजू, समोर घोड्यावर चौथा जुआंव, १६४० मध्ये गादी मिळवणारा. मामानं परत बोलावलेल्या जायमेनं १५०१ मध्ये काम सुरू केलं. हा जायमे माणूस अवघड. २ नोव्हेंबर १५१२ च्या रात्री संशयावरून त्यानं बायको लिओनोर आणि एका तरुण सेवकाला इथेच ठार केलं. शिक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी स्वतःच्या खर्चानं फौज घेऊन त्यानं मोरोक्कोतलं आझामोर जिंकलं आणि प्रकरण मिटलं.

राजवाडा मार्गदर्शकाबरोबरच बघावा लागतो, साधारण तासाभराची फेरी, आत फोटो बंद. शस्त्रागार आणि खजिना यांची तिकिटं वेगळी. दोन्ही घ्यायची तर किमान अर्धा दिवस धरा, आणि जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची फेरी टाळा, ती घाईत उरकते.

आमच्या फेरीची मार्गदर्शक बाई दारं उघडत आणि मागची बंद करत चालली होती, घरातल्या म्हाताऱ्या मोलकरणीसारखी. ड्यूकांच्या दालनात तिनं सगळ्यांना मान वर करायला लावली: छतावर पहिल्या आफोन्सोपासून एकेकाचं चित्र, पाचव्या जुआंवनं इटालियन चित्रकार दुप्राकडून काढून घेतलेलं. राजा झाल्यावर ऐंशी-नव्वद वर्षांनीही 'आम्ही आधी ड्यूक' हे मिरवायची हौस. त्याचं व्यवहारी कारणही आहे. १६४५ मध्ये चौथ्या जुआंवनं ब्रागांसाची जहागीर राज्याच्या खजिन्यात मिसळू दिली नाही, ती गादीच्या वारसाच्या नावे वेगळी ठेवली. म्हणून १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावरही हा वाडा घराण्याची खाजगी मिळकत ठरला आणि १९३३ मध्ये कासा द ब्रागांसा प्रतिष्ठानाकडे गेला. लिस्बनचे वाडे सरकारी वाटतात; इथे अजून कुणाचं तरी घर वाटतं.

ते सगळ्यात जाणवतं शेवटून दुसऱ्या राजाच्या, कार्लोसच्या खोल्यांत. तो स्वतः चांगला चित्रकार होता, भिंतींवर त्याची जलरंगातली चित्रं आहेत. कपडे, हजामतीचं सामान जिथल्या तिथे. १ फेब्रुवारी १९०८ च्या सकाळी इथून तो रेल्वेनं निघाला, वाटेत कासा ब्रांकाला गाडी रुळावरून घसरून उशीर झाला, आणि संध्याकाळी लिस्बनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. शेवटी स्वयंपाकघर: तांब्याची सहाशेवर भांडी. माशाच्या आकाराची लांबोडकी पातेली, कल्हई केलेले साचे, परातीएवढी झाकणं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतलं माजघर आठवणाऱ्या बायका तिथून हलत नाहीत.

बाहेर पडल्यावर समोरचं आगुस्तीन्युश चर्च, त्यात ड्यूकांच्या कबरी. डचेसच्या शागाश मठात, वेगळ्या. मठात आता हॉटेल आहे. बोर्बाच्या रस्त्याकडे गाठींचा दरवाजा बघायला विसरू नका, दगडी दोरखंडांनी बांधलेली अख्खी कमान. किल्ल्यातल्या चर्चमधली कॉन्सेसांव माता, म्हणजे मेरी, १६४६ मध्ये राज्याची रक्षक ठरली, आणि नंतरच्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही, तो तिचा. लिस्बनमध्ये राजांची चित्रं बघाल तेव्हा तपासा: मुकुट बाजूला उशीवर ठेवलेला असतो.

गावात तिबोर्ना मिळते, बदाम, अंड्याचा बलक आणि भोपळ्याच्या मुरंब्याची. एक दोघांत पुरते.

पाचवा दिवस, रविवार: लिस्बन

पहाटे निघालं तर १८० किलोमीटर दोन तासांत. गाडी लिस्बनमध्ये शिरण्याआधी विमानतळावरच परत करा, आल्फामाच्या गल्ल्यांत चालवण्याचा हट्ट महागात पडतो.

१५८० मध्ये आव्हिस पाती खुंटली. सहाव्या ड्यूकची बायको कातारीना ही मामा-राजा मानुएलची नात, तिचा हक्क भक्कम होता. पण फौज स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे होती. साठ वर्षं स्पेनचं राज्य. १ डिसेंबर १६४० ला चाळीसेक सरदार लिस्बनच्या राजवाड्यात घुसले, मंत्री मिगेल द व्हाश्कोन्सेलूशला मारून खिडकीतून खाली टाकलं आणि कातारीनाच्या नातवाला, म्हणजे चौथ्या जुआंवला, राजा जाहीर केलं. राजा त्या वेळी व्हिला विसोझातच. तो लिस्बनला पोचला ६ तारखेला. कट शिजला तो वाडा रोस्सियूजवळ उभा आहे, आणि १ डिसेंबरला आजही सुट्टी असते.

राजवाडा १७५५ च्या भूकंपात गेला. तिथल्या तेरेरू दू पासू चौकात, वायव्येच्या कमानीपाशी, कार्लोस आणि युवराज लुईश फिलिप यांच्या खुनाची छोटी पाटी आहे. उघडी बग्गी, दोन मारेकरी, आणि राणी आमेलिया उभी राहून हातातल्या फुलांच्या गुच्छानं त्यांना झोडपतेय. कार्लोसचा धाकटा मुलगा मानुएल हाताला गोळी लागून वाचला आणि अठराव्या वर्षी राजा झाला.

साँव व्हिसेंत द फोराला बरेच जण चर्च बघून परततात. राजांची समाधी चर्चमध्ये नाही. बाजूच्या मठाचं वेगळं दार, वेगळं तिकीट. भिक्षूंच्या जुन्या भोजनगृहात भिंतीलगत संगमरवरी पेट्या, साध्या, वर मुकुट. कार्लोस आणि युवराजाच्या पेट्यांपाशी तोंड झाकून उभी असलेली दगडी बाई.

मुंबईकरानं थांबायची पेटी दुसऱ्या कातारीनाची, म्हणजे आपल्या कॅथरीन ऑफ ब्रागांझाची. चौथ्या जुआंवची मुलगी, जन्म व्हिला विसोझाचा, १६३८. स्पेनशी लढाई चालू होती, मित्र हवा होता. म्हणून २३ जून १६६१ च्या करारानं ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, बरोबर वीस लाख क्रुझादू, तांजीर आणि मुंबई बेट. गोव्याच्या व्हाइसरॉयला हे बिलकूल पटलं नव्हतं, त्यानं टाळाटाळ केली. नुसतं बेट द्यायचं की साष्टी-ठाणंही, यावर वाद घातला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा दिला तो फक्त बेटाचा. तीन वर्षांनी चार्ल्सनं तेही वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. सासऱ्याच्या जहागिरीवर उभं राहिलेल्या घरानं दिलेला हा हुंडा. मुंबईबद्दल या खोलीत एक अक्षर नाही.

सहावा दिवस, सोमवार: माफ्रा, एरिसेरा

लिस्बनच्या काम्पू ग्रांदहून माफ्राला बस, पाऊण तास ते तास. दगडाचा हा डोंगर पाचव्या जुआंवचा, मूल होऊ दे म्हणून केलेल्या नवसाचा. १७१७ मध्ये पाया, १७३० मध्ये चर्चची प्रतिष्ठापना, पैसा ब्राझीलच्या सोन्याचा. आधी तेरा भिक्षूंचा मठ ठरला होता, सोनं येत गेलं तशी संख्या तीनशेवर गेली. ग्रंथालय शेवटी येतं, पाय दुखायला लागल्यावर. तिथे रात्री वटवाघळं हिंडतात, ती पुस्तकं खाणारे किडे खातात. सकाळी टेबलांवरची आच्छादनं काढून झाडलोट होते.

मनोऱ्यांत शंभरावर घंटा आहेत, बऱ्याचशा आजच्या बेल्जियममध्ये ओतलेल्या. याच राजाच्या काळात, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. मेणवलीची घंटा त्यातलीच. नाशिक-वाईकडच्या माणसानं ब्रागांसांची एखादी घंटा इथे यायच्या आधीच ऐकलेली असते.

४ ऑक्टोबर १९१० ची रात्र मानुएलनं याच वाड्यात काढली. लिस्बनमध्ये तोफा चालू होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि आजीसह तो दहा किलोमीटरवर एरिसेराला आला. आज तेवढ्याच अंतराला वीस मिनिटांची बस आहे. कोळ्यांच्या किनाऱ्यावर उतरायला उतार आहे, दगडी, खाली शेवाळ. शेवटच्या दहा पावलांत कठडा धरा. राजानं तो उतार उतरून मासेमारीची होडी धरली, होडीनं त्याला बाहेर थांबलेल्या 'आमेलिया' नौकेवर पोचवलं, नौकेनं जिब्राल्टरला. वरच्या बाजूला प्रसंगाची आठवण लावलेली आहे. खाली होड्या अजून तशाच ओढून ठेवतात, आणि दुपारी तीननंतर समोरच्या टपऱ्यांत भाजलेले मासे संपतात.